आधी लोखंड

गड्डा उठला तेव्हा होम मैदानावर
पाळण्यांचे खड्डे राहिले, आणि खिळे.
मौत का कुआँ होता तिथं
एक गोल, तेलकट, काळा डाग.

राजव्वा वडनाल म्हणाली, इथंच कुठंतरी.
इथंच म्हणजे भज्यांच्या गाड्यापासून थेट मोठ्या पाळण्यापर्यंत.
उजव्या कानातलं फूल.
श्रीनिवासनं भिवंडीहून आणलेलं, पहिल्या पगाराचं.
तीन दिवस तिच्या हजार विड्या भरल्या नव्हत्या.

मशीन माझ्या मेव्हण्याचं.
गुप्तधनाच्या नादात हैदराबादहून आणलं,
सापडले नांगराचे फाळ.
मग माझ्याकडं टाकलं, मी मोटारी भरतो म्हणून.
चालू केलं तर पावलागणिक बोंब.
खिळा. बिल्ला. खिळा. हेअरपिन. खिळा.
मशीनही माणसासारखंच,
जो मोठ्यानं ओरडतो त्याचंच ऐकतं,
शेजारी कुणी बारीक बोलत असेल तर
गेलं ते.

म्हणून आधी लोखंड.

जुन्या स्पीकरचे तीन चुंबक
एका फळीखाली आवळले,
फळीला मागाचा तुटका पट्टा.
वरून कॅरीबॅग. ही युक्ती मन्सूर भंगारवाल्याची :
पिशवी उलटी केली की खिळे आपसूक सुटतात,
नाहीतर बसा एकेक उपटत.

सकाळी सहाला ओढायला लागलो.
राजव्वा मागं, पदर कानावरून घेऊन,
रिकामा कान झाकून.
क्रिकेटची पोरं स्टंप रोवायचं सोडून बघत बसली.
"काय करलालाव काका?"
"नांगरतोय."
"काय पेरणार?"
त्यातला एक, अनवाणी, माझ्या मागनं चालायला लागला,
मी साफ केलेल्या पट्ट्यातनंच.

काय काय आलं.
तंबूचे खिळे, वाकडे, दोन-दोन इंची.
सोड्याचे बिल्ले. ब्लेडचं अर्धं पान.
मौत का कुआँतल्या मोटरसायकलचा एक छर्रा,
अजून तेलात न्हालेला.
आणि काळी, बारीक, केसाळ माती.
कुणाच्या हातून पडलेली नव्हे ती, जमिनीचीच.
सोलापूरच्या मातीतच लोखंड आहे,
चुंबकाला दाढी फुटते तेव्हा कळतं.

आठव्या की नवव्या खेपेला
पिशवी उलटी करायला गेलो
आणि खिळ्यांच्या झुडपात पिवळं काहीतरी.

फूल.

फिरकी लोखंडी असेल, म्हटलं.
फिरकी नव्हतीच, ती आधीच कुठं पडलेली.
नुसतं फूल बोटात धरलं, चुंबकाजवळ नेलं,
सोडलं.
टक्.
परत काढलं, परत सोडलं.
टक्.

राजव्वा पाणी प्यायला गेली होती नळावर.
श्रीनिवासला सोनारानं फसवलं,
की श्रीनिवासनं आईला,
की पहिला पगारच तेवढा होता,
हे काही मशीन सांगत नाही.

टाचेनं माती उकरली, फूल ठेवलं, माती ओढली.
ती आली तशी मशीन घेऊन
उगाच दहा पावलं मागनं सुरुवात केली.
पोचलो. मशीन खालच्या पट्टीत घुरघुरलं,
लोखंडाला घुरघुरतं तसंच.
सोन्याला ते किणकिणतं.
मी म्हणालो, "हे काय बघा!"
जरा मोठ्यानंच म्हणालो.

दोन तास ती माझ्यामागं फिरली होती.
घुरघुर तिला पाठ झालेली असणार.

तिनं फूल उचललं, पदराला पुसलं,
कानात घातलं, आणि मागून
फिरकीच्या जागी विडीचा दोरा गुंडाळला, दोन वेढे.
माझ्याकडं बघितलं नाही.
"सोनं कुठं जात नाही बगा," म्हणाली,
आणि कारखान्याची वेळ झाली म्हणून निघाली.

मन्सूरनं खिळे तोलले. साडेचार किलोवर काटा थांबला,
मग हलला, मग थरथरत राहिला.
फळी तशीच पारड्याशेजारी होती.
"ते चुंबक लांब ठेव की रे," मन्सूर म्हणाला,
"वजन खोटं येतं."